उभ्या गाडीचं तेल चेंबरमध्ये उतरू नये म्हणून

आठ-पंधरा दिवस उभ्या असलेल्या जुन्या इंग्लिश मोटरसायकलच्या ऑईल टाकीचं झाकण उघडलं आणि तेल तळाला गेलेलं दिसलं, तर वरून नवीन तेल ओतू नका. आधी इंजिनाखालचं बुच खोला. ते तेल सहसा कुठे सांडलेलं नसतं. पंपातून झिरपत इंजिनाच्या पोटात, म्हणजे चेंबरमध्ये जाऊन बसलेलं असतं. टाकीत आणखी लिटरभर ओतून किक मारली की क्रँक त्या तेलात घुसळतो, रिंगांवरून तेल वर चढतं, गल्लीभर निळा धूर होतो. मग रिटर्न पंप खालचं सगळं वर फेकतो आणि टाकी झाकणातून वाहायला लागते. धूर निघून जातो, पण पिस्टन खाली येताना तेलाने भरलेल्या चेंबरमध्ये जो दाब तयार होतो, तो ब्रीदरला (चेंबरमधली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेला) झेपला नाही तर सील आणि पॅकिंग फोडतो. प्रायमरी बाजूचं, म्हणजे इंजिनाकडून क्लचकडे चेन जाते त्या बाजूचं सील गेलं की तेच तेल चेनकेसमध्ये शिरतं आणि क्लच सटकायला लागतो. मग लोक क्लच प्लेटा बदलत बसतात.

मी भोसरीच्या एका टूलरूममध्ये फिटर होतो, आता निवृत्त आहे. घरी बीएसए एम-२० आणि मद्रासच्या कारखान्यातली जुनी ३५० बुलेट अशा दोन गाड्या आहेत, आणि ओळखीतल्या लोकांचे पंप लॅपिंगसाठी, म्हणजे तोंडं घासून सपाट करण्यासाठी, माझ्या टेबलावर येतात. या विषयात माझं एकच ठाम म्हणणं आहे: तेल पंपाच्या पुढे अडवा, पंपाच्या मागे अडवू नका. टाकी आणि पंप यांच्यामधल्या नळीत तोटी किंवा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि इंजिन संपवणाराही तोच आहे. त्याचं कारण समजायला आधी तेलाची वाट समजून घ्यावी लागते.

या गाड्यांमध्ये तेल इंजिनाखाली साठवलेलं नसतं. टाकी वेगळी, बहुतेक सीटखाली. तिथून तेल स्वतःच्या वजनाने फीड पंपापर्यंत येतं, पंप ते बिग एंडला (पिस्टनचा दांडा क्रँकला जिथे जोडलेला असतो त्या बेअरिंगला) ढकलतो, काम झालेलं तेल चेंबरमध्ये पडतं आणि दुसरा पंप ते उचलून परत टाकीत टाकतो. रिटर्न पंप मुद्दाम फीडपेक्षा मोठा ठेवलेला असतो, म्हणजे चालू गाडीत चेंबर कोरडा राहतो. गाडी बंद झाली की दोन्ही पंप थांबतात, पण टाकीतलं तेल पंपापेक्षा उंचावरच असतं. फीड पंपाच्या दात्यांच्या बाजूने, कडेच्या फटीतून ते थेंबाथेंबाने उतरत राहतं.

ही फट किती, यावर सगळं अवलंबून आहे. अरुंद फटीतून जाणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात बदलतं. म्हणजे फट दुप्पट झाली तर गळती आठपट. दोन थाऊ आणि चार थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) यांत डोळ्याला काही फरक दिसत नाही, पण एक गाडी महिनाभर उभी राहते आणि दुसरीची टाकी चार दिवसांत रिकामी होते, ती याच फरकामुळे. दुसरी गोष्ट तेलाच्या पातळपणाची. लांब फेरी मारून आल्यावर गरम तेल पाण्यासारखं पातळ असतं, त्यामुळे पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त उतरतं. म्हणून ज्या इंजिनाला मूळ पुस्तकात एकग्रेड तेल सांगितलंय त्याला मी एसएई ५० घालतो. गार असताना ते २०डब्ल्यू-५० पेक्षा घट्ट राहतं आणि उभ्या गाडीत कमी उतरतं. हिवाळ्यात किक जड लागते, पहिली दोन मिनिटं रेस न करता थांबावं लागतं. पुण्याच्या हवेत मला ते चालतं.

आधी मोजा

अंदाजाने पंप खोलू नका. दहा-बारा किलोमीटर गाडी फिरवून इंजिन पूर्ण गरम करा, घरी येऊन बंद केल्या केल्या चेंबरचं बुच काढा आणि पडलेलं तेल मापाच्या भांड्यात मोजा. भिंतींवरून निथळणारं तेल नेहमीच थोडं असतं. माझ्या एम-२०ला ते शंभर ते दीडशे मिलीच्या मध्ये येतं. हा झाला तुमच्या गाडीचा पाया. तेल टाकीत परत घाला, पातळीवर खूण करा, गाडी स्टँडवर आडोशाला लावा आणि आठवडाभर हात लावू नका. मग पुन्हा बुच काढून मोजा.

आठवड्याला पावशेर-दीड पावशेर तेल उतरत असेल तर खोलाखोल करू नका, नुसती सवय बदला. अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त असेल तर छर्रा (तेलाची वाट अडवणारी पोलादी गोळी, तिच्याबद्दल पुढे येतं) किंवा पंप बघावा लागेल. एका रात्रीत टाकी रिकामी होत असेल तर छर्रा अडकलाय, तो ज्यावर टेकतो ती बैठक खराब आहे किंवा पंपाखालचं पॅकिंग फाटलंय, असं समजून तिथूनच सुरुवात करा.

पहिल्याच मोजणीत, गाडी नुकती बंद केलेली असताना, अर्धा लिटर पडलं तर आजार वेगळा आहे. तेल उभं राहून उतरलेलं नाही, चालू गाडीत ते वर जातच नाहीये. म्हणजे रिटर्न पंप झिजलाय, उचलणाऱ्या नळीला हवा लागते किंवा नळीतला छर्रा चिकटलाय. बीएसएमध्ये खालच्या जाळीच्या प्लेटमागे जी उचल-नळी आहे तिच्या आत एक छर्रा असतो. प्लेट काढून बारीक तारेने तो वर ढकलून बघा. तो सहज वर जायला आणि तार काढताच स्वतःच्या वजनाने खाली पडायला हवा. जुन्या तेलाच्या चिकट थराने तो अडकलेला मी अनेक गाड्यांत पाहिलाय, आणि त्यापायी लोकांनी अख्खं इंजिन उतरवलेलंही पाहिलंय. रॉकेलने धुतलं की बहुतेक वेळा मोकळा होतो.

तुमच्या प्लेटला बुच नसेल तर ती काढलीच आहे तेव्हा मधोमध चुंबकाचं बुच बसवून घ्या. टर्नरचं अर्ध्या तासाचं काम आहे. आतल्या जाळीला आणि नळीच्या तोंडाला बुचाची उंची लागणार नाही एवढं मात्र बघा.

छर्रा आणि त्याची बैठक

बीएसएच्या कारखान्याने फीड पंपाच्या पुढच्या वाटेवर, टायमिंग बाजूला (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या गिअरांच्या बाजूला), स्प्रिंगने दाबलेला एक छर्रा ठेवलेला आहे. तेल खाली उतरू नये हेच त्याचं काम. यात डोकं वापरलंय. टाकीतलं तेल पंपापेक्षा अर्धा मीटर उंच असेल तर त्याचा दाब चौरस सेंटिमीटरला ०.०५ किलोसुद्धा भरत नाही. हलकी स्प्रिंगही तो अडवते. पंप फिरायला लागला की तो याच्या कितीतरी पट दाबाने तेल ढकलतो आणि छर्रा मुकाट्याने बाजूला होतो. बैठक बिघडली तर तेल झिरपेल, पण इंजिनाचं तेल बंद होणार नाही. नॉर्टनवाल्यांनी त्यांच्या कमांडो मॉडेलला १९७५च्या मार्क-३मध्ये असा व्हॉल्व्ह दिला तोही टायमिंग कव्हरमध्ये, पंपाच्या पुढेच. ट्रायम्फचा पंप दट्ट्याचा, त्यात छर्रे पंपाच्या अंगातच असतात. तिथे कचऱ्याचा एक कण छर्र्याखाली बसला तरी तेल उतरायला लागतं, आणि नुसती सफाई पुरते.

दुरुस्ती सोपी आहे. छर्रा आणि स्प्रिंग काढा, वाट पातळ ब्रशने धुवा, हवा मारा. टॉर्च लावून बैठक बघा. तिथे एकसारखी बारीक चकचकीत कडी दिसायला हवी. कडी तुटक असेल किंवा खड्डा दिसला तर जुना छर्रा बैठकीवर ठेवा, त्यावर पितळेचा सरळ दांडा टेकवा आणि छोट्या हातोडीने एकच नेमका ठोका द्या. केस ॲल्युमिनियमची आहे, दुसऱ्या ठोक्याचा मोह टाळा. मग तो छर्रा फेकून द्या आणि त्याच मापाचा नवीन घाला. बेअरिंगच्या दुकानात सुटे छर्रे मिळतात; नाना पेठेत जुना छर्रा दाखवा, मायक्रोमीटर लावून देतात. स्प्रिंग ताणून लांब करू नका आणि दुसऱ्या कुठल्या यंत्राची कडक स्प्रिंग कापूनही घालू नका. मूळची दमलेली असेल तर तिच्याच तारेच्या जाडीची आणि लांबीची नवीन करून घ्या.

जोडण्याआधी बैठकीवर छर्रा ठेवून वरच्या बाजूने थोडं रॉकेल सोडा. पाच मिनिटांत खाली ओल आली नाही तर तेल नक्की थांबेल, कारण रॉकेल तेलापेक्षा फारच पातळ असतं.

पंपाचं लॅपिंग

छर्रा चांगला असूनही तेल उतरत असेल, किंवा तुमच्या गाडीला छर्राच नसेल, तर पंप. गिअर पंपात झीज सगळ्यात जास्त होते ती दात्यांवर नाही, गिअरच्या बाजूंवर आणि त्यांना टेकणाऱ्या प्लेटवर. प्लेटवर गिअरचे गोल ठसे उमटलेले दिसतील. तीच फट.

पंप खोलण्याआधी प्रत्येक गिअरची वरची बाजू पेन्सिलने खुणवा, कारण एकमेकांत मुरलेल्या बाजू बदलल्या तर पंप कुरकुरतो. सगळं रॉकेलमध्ये धुऊन कोरडं करा. बॉडीच्या तोंडावर सरळपट्टी ठेवून गिअर किती खाली आहेत ते फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) बघा. दोन थाऊच्या पुढे गेलं असेल तर बॉडी उतरवायची. जाड काच घ्या, सहा मिलिमीटरची तरी, सपाट टेबलावर ठेवा. तिच्यावर १००० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर, त्यावर थोडं रॉकेल. बॉडी पालथी धरून इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, आणि दर दहा-बारा फेऱ्यांनी बॉडी हातात पाव वळसा फिरवून घ्या, नाहीतर हाताच्या दाबाने एक बाजू जास्त उतरते. दाब द्यायचा नाही, नुसतं बॉडीचं वजन. मध्ये मध्ये पुसून गेज लावा. गिअर आणि तोंड यांत सुमारे एक थाऊ राहिली की थांबा. शून्यावर नेऊ नका. गरम झाल्यावर पंप धरेल, म्हणजे जाम होईल. प्लेटही तशीच घासा, ठसे जाईपर्यंत, आणि शेवटी निळा (जुळणी तपासायचा रंग) लावून दोन्ही तोंडं टेकवून बघा. निळा सगळीकडे सारखा उठायला हवा.

यानंतरची सफाई लॅपिंगपेक्षा महत्त्वाची आहे. पॉलिशचा एक कण पंपात राहिला तर तो आधी पंप खाईल, मग बिग एंड. रॉकेल, मग साबणाचं गरम पाणी, मग हवा, मग पुन्हा रॉकेल. प्रत्येक भोकातून पांढरा कापूस ओढून बघा. काळा डाग आला तर परत धुवा. बॉडीचे स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. या बॉड्या मऊ असतात, एका कोपऱ्यात ओढून आवळलं तर वाकतात आणि आपण काढलेली फट परत येते. तेल घालून पंप हाताने फिरवला की पूर्ण वळशात एकसारखा, किंचित जड लागला पाहिजे. एका जागी अडत असेल तर स्क्रू ढिले करून परत आवळा.

गाडीवर चढवण्याआधी मी फीडच्या भोकाला वीतभर पारदर्शक नळी लावून ती उभी धरतो, तेल भरतो, खूण करतो आणि रात्रभर तसाच ठेवतो. सकाळी पातळी बोटभरही खाली आली नाही तर पंप तयार.

पंप आणि केस यांच्यामधलं पॅकिंग कागदाचंच घाला, भोकं नीट जुळवून. सिलिकॉन लावू नका. आत दाबला गेलेला त्याचा दोरा तुटून तेलाच्या वाटेत जातो आणि बिग एंडच्या भोकावर बसतो.

बुलेटबद्दल थोडं

जुन्या कास्ट आयर्न बुलेटची टाकी इंजिनाच्या केसमध्येच, फ्लायव्हीलच्या मागे असते, त्यामुळे तिला हा आजार नाही असं पुष्कळांना वाटतं. आहे. पण टाकी उंचावर नसल्यामुळे सगळं तेल उतरत नाही, दोन्हीकडची पातळी जुळली की थांबतं. तिथे गिअर नसून झुलणाऱ्या चकतीचा पंप आहे, आणि स्प्रिंगने दाबलेली चकती बैठकीवर घट्ट बसत नसली की झिरपतं. फीडची चकती कोणती आणि रिटर्नची कोणती ते काढतानाच खुणवा. चकती आणि बैठक एकमेकांवर ब्रासो लावून हाताने घासा, दोन्हींवर पूर्ण राखाडी चेहरा येईपर्यंत, आणि वर सांगितली तशीच सफाई करा. २००८-०९पासून आलेल्या युनिट इंजिनांच्या गाड्यांमध्ये तेल खालीच राहतं, त्यांना यातलं काही लागू नाही. जुन्या जावा-येझदी टू-स्ट्रोक, तिथे वेगळ्या टाकीतलं तेल नाहीच.

तोटी का नको

आता नळीतल्या तोटीकडे येतो. ती बंद केली की तेल शंभर टक्के थांबतं, यात वाद नाही. पण ती उघडायला विसरलात तर गाडी तशीच सुरू होते, तशीच चालते, आवाजही बदलत नाही, आणि काही किलोमीटरवर बिग एंड जातं किंवा पिस्टन धरतो. घाईची सकाळ, मुलगा गाडी बाहेर काढतो, शेजारी किक मारून बघतो. विसरायला एकदाच पुरतं. एम-२०चा नवा क्रँकपिन (बिग एंड ज्यावर फिरतं ती पिन) आज सहज मिळत नाही. दुसऱ्या महायुद्धात या गाड्या लाखावर बनल्या म्हणून अजून भाग हिंडताहेत, पण जुन्या बाजारात रविवारी जे मिळतं त्यातलं वापरण्याजोगं थोडंच असतं.

स्प्रिंगचा आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह आणखी फसवा आहे, कारण तो बघून मन निर्धास्त होतं. तो पंपाच्या मागे बसतो, म्हणजे पंपाने ओढून तो उघडायचा. ढकलायला पंपाकडे जोर भरपूर असतो, ओढायला फारच थोडा. आणि हा व्हॉल्व्ह बसवला कुणी? ज्याचा पंप झिजलाय त्याने. झिजलेला पंप सगळ्यात आधी ओढण्यातच कमी पडतो. महाबळेश्वरच्या थंडीत घट्ट तेल, दमलेला पंप आणि मध्ये स्प्रिंग: अशा वेळी पहिल्या काही मिनिटांत बिग एंडला काय पोचतं याची खात्री मी कुणाला देणार नाही.

तरीही कुणाला तोटीच हवी असेल तर ती इग्निशनला जोडल्याशिवाय बसवू नका. तोटीच्या दांड्यावर छोटा स्विच लावायचा, तोटी बंद असताना ठिणगीच पडू नये असा. बॅटरी-कॉइलच्या गाडीत हा स्विच कॉइलची वायर तोडतो. मॅग्नेटोच्या (बॅटरीशिवाय स्वतःच ठिणगीची वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या) गाडीत उलटं असतं: मॅग्नेटो बंद होतो तो त्याची वायर अर्थ झाल्यावर, म्हणजे तोटी बंद असताना स्विच जुळलेला हवा. इथे गल्लत केली तर वायर तुटल्यावर गाडी आरामात सुरू होते, म्हणून मॅग्नेटोवर हा बंदोबस्तही मला पुरेसा वाटत नाही.

रोजची आणि पावसाळ्यातली सवय

पिस्टन वर घेऊन गाडी उभी करा, असं जुने मेकॅनिक सांगतात. थोडा फरक पडतो, कारण क्रँकपिनच्या तेलाचं तोंड उंच राहतं. पण टाकीतली पातळी त्याहून बरीच वर असते, तेव्हा यावर विसंबू नका. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा गाडी खरोखर फिरवा. पार्किंगमध्ये पाच मिनिटं चालू ठेवून उपयोग नाही, उलट गार इंजिनात पाणी धरतं.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त उभी असलेली गाडी काढताना आधी चेंबर रिकामा करा. एक स्वच्छ भांडं आणि बुचाच्या मापाचा पाना गाडीच्या हत्यारांतच ठेवा. निघालेलं तेल स्वच्छ असेल तर बारीक स्टीलच्या गाळणीतून टाकीत परत घाला. त्यात चमक दिसली, किंवा दुधासारखा पांढरेपणा असेल, तर ते टाका आणि कारण शोधा. टाकीची पातळी मोजायची ती गाडी चालवून, रिटर्नची धार दोन-तीन मिनिटं नीट पडल्यावर. उभ्या गाडीच्या काडीवर कधीच नाही.

कोकणात किंवा घाटाखाली राहणाऱ्यांची गाडी जून ते सप्टेंबर हलत नाही. अशांनी टाकी पूर्ण रिकामी करावी, तेल झाकणबंद डब्यात ठेवावं आणि हँडलला, किकला आणि चावीला अशा तिन्ही ठिकाणी “टाकी रिकामी” अशी पाटी बांधावी. हे करताना प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सिलिंडरमध्ये घाला आणि इंजिन हळूच दोन वळसे फिरवा.

गणपतीनंतर गाडी काढताना टाकी भरली म्हणजे पंप भरला असं होत नाही. फीडची नळी पंपाजवळ सोडा, बुडबुडे न येता अखंड धार येईपर्यंत तेल जाऊ द्या, मग नळी जोडा. प्लग काढा, त्याची टोपी प्लगला लावून प्लग हेडवर टेकवून ठेवा, म्हणजे मॅग्नेटोला किंवा कॉइलला मोकळ्या ठिणगीचा ताण येत नाही. पेट्रोलचा कॉक बंद हवा. मग किक मारत राहा. बीएसएमध्ये टाकीच्या तोंडातून रिटर्नची नळी दिसते. तिथून तेलाचे ठिपके पडायला लागेपर्यंत प्लग परत लावू नका. इंजिन सुरू झाल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात धार दिसली नाही तर लगेच बंद करा आणि नळी पुन्हा सोडून बघा. बहुतेक वेळा तिच्यात हवा अडकलेली असते.